तलावातला नरतुरंग

"शैले, पळ! तलावात अर्धा माणूस नि अर्धा घोडा हाय!"

शैलाचा सवंगडी चांगो धापा टाकत ओट्यावर आदळला. बारा वर्षांच्या शैलानं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. कालच तिनं त्याला नरतुरंगाची गोष्ट वाचून दाखवली होती. कंबरेपर्यंत माणूस, खाली घोडा! शिवाय पेपरातली बातमीही. गुरूकडे निघालेल्या अमेरिकन यानाच्या रॉकेटला त्याच प्राण्याचं नाव दिलं होतं, सेंटॉर! आधी खालचं रॉकेट ढकलून गळून पडतं, मग सेंटॉर पुढं जातो.

"म्हंजी आपल्या कर्जतचं इंजिन!" चांगो म्हणाला होता. "घाटात मागून ढकलतं नि लोणावळ्याला सुटतं!"

दोघं तलावाकाठी पोचली, आणि शैलाची बोबडीच वळली. चिखलात खरंच एक नरतुरंग होता!

जवळ गेल्यावर तो घोडेवाला कोंडीरामबाबा निघाला. पावसाळ्यापूर्वी माथेरानहून घोडी खाली आणायची, तसा तो आपल्या मैना घोडीला घेऊन चौक गावच्या वाटेनं उतरला होता. ठेकेदारानं तलावातला गाळ अर्धाच उपसला होता. वरची पापडी वाळलेली, खाली राबडी! बाबा कंबरेपर्यंत रुतला होता, मागे मैना पोटापर्यंत. बिथरू नये म्हणून मैनेच्या तोंडावर गोणपाट टाकून तिचं डोकं त्यानं पाठीशी दडवलं होतं.

"बाबा, तुम्ही तरी बाहेर या!"

"आलो असतो गं. पन मी सोडली की ती धडपडते, नि धडपडली की आत जाते."

"हाक नाय मारली?"

"सकाळधरनं मारतोय. त्या मांडवातल्या मान्सांना हात केला. त्यांनीबी केला!"

मांडवात शैलाचे दत्तोपंतकाका खोल केलेल्या तलावाच्या उद्घाटनाची तयारी करत होते. सभापती अकराला येणार होते.

"काका, घोडी बुडतेय! व्यासपीठाच्या फळ्या द्या!"

"कार्यक्रमपत्रिकेत घोडी नाही," काका म्हणाले. "माथेरानची घोडी, माथेरानकरांनी काढावी."

दुसऱ्यानं ग्रामपंचायतीकडे बोट दाखवलं. ग्रामपंचायत मांडवातच बसून चहा पीत होती.

शैला आणि चांगोनं एक फळी ओढून पाहिली. ती हललीसुद्धा नाही. तिकडे चिखल मैनेच्या पाठीला टेकला होता. शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती निरागसपणे म्हणाली, "काका, सभापती तलावातच उभं राहून फोटो काढणार म्हणे. व्यासपीठ तिकडं नको?"

काका पांढरेफटक पडले. "अगं, आधी नाही का सांगायचं! उचला रे!"

मघाशी हात रिकामा नसलेली वीस माणसं फळ्या घेऊन धावली! फळ्या चिखलात अंथरल्या, तर मधोमध घोडी; आधी तिलाच काढणं आलं.

"नुसतं फुडनं ओढू नका!" चांगो ओरडला. "मागनं ढकला! घाटातल्या इंजिनावानी!"

मांडवाचा दोरखंड मैनेला बांधून ताणला. मागून शुभ्र टोप्या रेटू लागल्या. एकदा, दोनदा... मैना कण्हली, पण हलेना! शैलानं डोळे मिटले. तिसऱ्या रेट्याला पचाक्‌ असा आवाज झाला आणि घोडी फळ्यांवर आडवी झाली, लगाम धरलेला बाबाही!

तेवढ्यात सभापती अवतरले. गुडघाभर चिखलातली स्वागत समिती पाहून त्यांना गहिवरून आलं. "याला म्हणतात श्रमदान!"

काकांनी शैलाला बाजूला घेतलं. "फोटोचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

काकांनी धोतर पिळलं. "शाब्बास," ते पुटपुटले, "पण मी फसलो हे काकूला सांगू नकोस."

मैना थरथरत उभी राहिली. कोंडीरामबाबाला मात्र उठवेना. त्याला पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण लगामावरची बोटं उघडेनातच. शैला आणि चांगोनं ती एकेक करून सोडवली. मग तो चिखलानं माखलेला हात आधी शैलाच्या डोक्यावर आला, नंतर चांगोच्या, आणि बराच वेळ तिथंच राहिला.