आप्पासाहेबांना पुरेल एवढी जागा

नव्या मशीनवर पहिलीच किटली ज्ञानेश्वरीची, आणि पहिल्याच किटलीला मशीननं मान टाकली!

अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं ते दूध संकलन केंद्र; मशीन दूध मोजून नावाची पावती देणारं. वडील गेल्यावर खातं तिच्या नावावर झालेलं. मागची रांग खोळंबली, आणि चांगुणाकाकू हळूच म्हणाल्याच, “पोरीचा पायगुनच तसला... बाप गेला, आता मशीन.” ज्ञानेश्वरीनं किटलीचं झाकण घट्ट दाबलं.

मशीन बसवायला संगमनेरहून आलेला रविराज लॅपटॉप घेऊन खाली बसला. मशीनचा सी भाषेतला प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. थोड्या वेळानं पावती निघाली. ती त्यानं हसत तिच्या हातात दिली.

‘ज्ञानेश्वरी आप्पासा’. बस्स, एवढंच.

“माझे वडील आप्पासाहेब हुते,” ती म्हणाली. “आन आडनाव कुटं गेलं?”

“जागा संपली की पुढचं कापायचं, असं केलंय. म्हंजे मशीन बंद पडनार न्हाई.”

“मानूस गेलाय ओ... आता नावबी कापता?”

तो गोरामोरा झाला. तिच्या डोळ्यांकडे त्याला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हजर. तिला बघताच उभा राहिला आणि रांगेतल्या बायांना ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं बोलला, “मराठीत काना, मात्रा, समद्याला मशीनमधी वेगळं घर लागतं. मी बारकी नावं टाकून बघितली, घरं न मोजताच नावाला नाव जोडत गेलो. ह्यांचं नाव शेजारच्या जागेत घुसलं, म्हनून मशीन अडकलं. पायगुन न्हाई, चूक माझी हाय.”

चांगुणाकाकू किटलीत बघायला लागल्या. ज्ञानेश्वरीच्या छातीवरचा धोंडा उतरला.

“मग आता?” तिनं हळूच विचारलं.

“आता आधी मोजायचं. समदं नाव मावंल एवढी जागा करायची, नाव संपल्याच्या खुनेला एक घर जास्तीचं... मगच जोडायचं.”

पावती आली. ‘ज्ञानेश्वरी आप्पासाहेब वाकचौरे’. वडिलांच्या नावावरून तिनं अंगठा फिरवला, आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिथंच फुटलं. तो नुसता जवळ उभा राहिला.

मग काय! मशीन ठणठणीत, तरी हा दर आठवड्याला केंद्राच्या दारात.

“आज काय बिघडलं?”

“मशीनचं काई न्हाई...”

“मग कुनाचं?” ती विचारायची, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

भाताची कापणी झाली तेव्हा त्यानं एकदाचं लग्नाचं विचारलं. हो म्हणायला जीव आसुसला होता तिचा.

“लगीन झालं की पोरीच्या नावातनं बाप जातो, तिथं नवरा येतो,” ती म्हणाली. “माझ्या वडलांचं आता नावच उरलंय, रविराज. ते मी सोडनार न्हाई. तुमच्या घरी चालनार नसंल तर... आत्ताच सांगा.”

त्यानं मान खाली घातली. संपलं सगळं, असं समजून तिनं किटली उचलली.

“आप्पासाहेब हायेत तिथंच ऱ्हातील,” तो म्हणाला. “त्यांना कापून मला जागा नको. घरी मी सांगतो. माझं नाव... मागनं कुटं मावलं तर जोड, न्हाई तर ऱ्हाऊ दे.”

तिचे डोळे भरून आले.

“मावंल की,” ती म्हणाली, आणि किटली त्याच्या हातात दिली.