नसलेल्या पानाचा पत्ता

डब्याचं झाकण पडलं. स्टीलचं झाकण, आधी फरशीवर आपटलं, मग गरगर फिरलं, आणि थांबलं थांबलं म्हणेपर्यंत आणखी तीन गिरक्या घेऊन निपचित झालं.

दुपारचे अडीच वाजले होते. पाऊण तास थोपटल्यावर घरात जेमतेम शांतता झाली होती, आणि वहिनींनी आठवड्यात पहिल्यांदा आपली वही उघडली होती.

"टिल्ली, उठलीस ना? बिस्किटांना हात लावलास तर याद राख," त्या मान न वळवता म्हणाल्या.

आतल्या खोलीतून झोपाळू आवाज आला, "मी नाही."

"आणि वर खोटं. आज बागेत जायचं नाही."

आत मुसमुसणं सुरू झालं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. स्वयंपाकघरातून भाऊजी शर्टावरचं काहीतरी झटकत आले आणि दार उघडायला गेले.

वहिनी हरवलेले कागद शोधून द्यायच्या. मृत्युपत्रं, दाखले, संगणकात गडप झालेल्या नोंदी. टिल्ली व्हायच्या आधी त्यांचं स्वतंत्र ऑफिस होतं. आता जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा होता. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. नोकरी सुटल्यापासून ते वहिनींचे मदतनीस झाले होते. स्कूटर चालवायचे, पिशव्या धरायचे, आणि समोर दिसेल ते मोठ्याने वाचून दाखवायचे. ते सगळ्यांसमोर वहिनी म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणू लागली होती.

दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. हातातला फोन तिने तापलेल्या भांड्यासारखा धरला होता.

"मी बालवाडीत शिकवते," ती म्हणाली. मग थांबली. "म्हणजे शिकवायचे. अकरा वर्षांपूर्वी."

"बसा. आणि पहिल्यापासून सांगा. मुलगी रडतेय तिकडे लक्ष देऊ नका, मीही देत नाहीये."

"इथल्या साप्ताहिकाने छापलं होतं, की मी वर्गातल्या मुलाच्या गळ्यातली साखळी चोरली. माझ्या नावासकट. दोन दिवसांनी साखळी त्याच्याच बुटात सापडली. पुढच्या अंकात चार ओळींची दिलगिरी आली. तिच्यात माझं नाव नव्हतं. 'संबंधित शिक्षिका', एवढंच."

"आणि आता ते भूत उठलं."

"त्यांनी जुने अंक संगणकावर टाकलेत. कुणीही एखादा शब्द लिहावा आणि शोधावं. मी अर्ज केला, त्यांनी बातमी काढली. पण माझ्या फोनवर नाव टाकलं की ती सापडत होतीच. परत गेले, परत काढली. तीन वेळा झालं. दर वेळी मी घरी पोचायच्या आत कुणीतरी ती परत घालतं."

तिने फोन पुढे केला. शोधाच्या चौकटीत तिचं नाव होतं आणि खाली एक ओळ: १ बातमी सापडली. गुन्हे/४१२७. भाऊजींनी त्या ओळीवर बोट दाबलं आणि उघडलं ते वाचलं, "हे पान काढून टाकण्यात आले आहे."

"हे तर बातमीपेक्षा वाईट," वहिनी म्हणाल्या. "बातमी वाचून माणूस निदान साखळीपाशी थांबला असता. हे वाचून खुनापर्यंत जाईल."

"उद्या दहाला एका बालवाडीची निवड समिती बसतेय. तिथल्या मुख्याध्यापिका प्रत्येकीचं नाव तिथे शोधून बघतात. गेल्या वर्षी दोन बालवाड्यांनी आधी हो म्हटलं आणि मग माझा फोनच उचलला नाही." तिने फोन उलटा ठेवला. "संपादकच करत असणार. त्यांना चूक कबूल करायची सवय नाही."

वहिनींनी वही मिटली. आठवड्यात पहिल्यांदा उघडलेली वही, दहा मिनिटांत.

"भाऊजी, स्कूटर काढा. टिल्ली, चप्पल घाल. नाही, बागेत नाही. बाई, तुम्ही रिक्षाने मागून या."

साप्ताहिकाचं ऑफिस अरुंद जिन्याच्या वर होतं. तीन टेबलं, एक पंखा, भिंतभर बांधलेल्या जुन्या अंकांच्या फायली.

संपादकांनी हातातलं पेन आपटलंच. "मी कशाला परत घालू? तीन वेळा सही करून दिली. साखळीची बातमी काढा, साखळीची बातमी काढा. मला दुसरे उद्योग नाहीत का?"

"गेली की नाही, ते पाहिलंत?"

"संगणकवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत पाहिलं. 'साखळी' टाकलं, ती बातमी नाही. 'बालवाडी' टाकलं, नाही. आता काय पाटीवर लिहून गळ्यात अडकवू?"

"अडकवून झालंय तुमचं, अकरा वर्षांपूर्वी," वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

संगणकवाला त्या यायच्या आधीपासूनच वैतागलेला होता. तीन महिने त्याला सुट्टी मिळाली नव्हती आणि हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं. भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला. "काही झालं की यंत्र बिघडलं. सरळ आहे हो. पानं एका कपाटात आहेत असं समजा. शब्दांची सूची वेगळी. पुस्तकाच्या शेवटी असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी. पान काढलं, की यंत्र ते पान वाचतं, त्यातला एकेक शब्द सूचीत शोधतं आणि त्याच्यापुढचा पानाचा नंबर खोडतं."

"आणि पानात नुसती दुरुस्ती केली तर?"

"ती कपाटातल्या पानात होते. सूचीला वेगळं कळवावं लागतं, फेरसूचीचं बटण दाबून. इथे दाबतंय कोण? पालथ्या घड्यावर पाणी."

"सगळी सूचीच नव्याने केली तर?"

"चाळीस वर्षांचे अंक आहेत. दोन दिवस."

"तुम्ही स्वतः किती पानं काढलीत?"

"वीसेक. एकही उलटून आलं नाही. हे त्या पलीकडच्या टेबलावरच्या काकांनी काढलं होतं. नंतर ह्या बाई परत आल्या म्हणून मीही दोनदा काढायला गेलो, तर यंत्र म्हणतं असं पानच नाही."

त्याने नोंदवही पडद्यावर आणली. भाऊजी खाली वाकले. "गुन्हे/४१२७. पहिल्या अर्जाचा दिवस. दुरुस्ती, चार वाजून पाच मिनिटं. काढले, चार वाजून दहा मिनिटं. पुढे काही नाही." ते ताठ झाले. "वहिनी, परत घातल्याची नोंदच नाही. म्हणजे चोराने नोंदसुद्धा पुसली. सराईत आहे."

"भाऊजी, तुम्ही वाचता छान."

"मग चुकतं काय माझं?"

"वाचून झाल्यावर बोलता, ते."

वहिनींनी कळफलक ओढला आणि शिक्षिकेचं नाव टाकलं. १ बातमी सापडली.

संगणकवाला गोंधळला. "हे कुणाचं नाव?"

"साखळीवालीचं," संपादक मागून म्हणाले.

शिक्षिका दाराशी उभी होती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

तिसऱ्या टेबलावर मुद्रितशोधक काका बसले होते. चाळीस वर्षं छपाईआधी प्रत्येक पान त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. टेबलाखाली टिल्ली मांडी घालून बसली होती. काकांनी तिला रद्दीतला कागद आणि पेन्सिल दिली होती.

"तुम्ही ती बातमी काढलीत?" वहिनींनी विचारलं.

"काढली. नीट काढली," काका म्हणाले. त्यांचं लक्ष टेबलाखाली होतं. "अगं बाळ, मांजराला तीनच पाय?"

"मी ह्याची होडी करणार आहे," टिल्ली म्हणाली.

"कर की. पण आधी चौथा पाय काढू." त्यांनी वाकून तो काढला, मिशीही काढली, आणि कागद परत दिला. टिल्लीने एक उसासा टाकून त्याची होडी केली. मांजर घडीत नाहीसं झालं.

वहिनी त्या होडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय," त्या म्हणाल्या. "सगळे इकडे या. बाई, तुम्हीही. मला मुलीला सहा वाजता जेवायला घालायचंय, त्यामुळे एकदाच सांगणार आहे."

सगळे आले. संपादक सर्वांत शेवटी.

"ही बातमी कुणी परत घातलेली नाही. पान पहिल्याच दिवशी गेलं. भाऊजींनी वाचलं ना, नंतरची नोंदच नाही. कारण नंतर काही घडलंच नाही. संपादकांनी घातलं नाही आणि सुट्टी मिळत नाही म्हणून चिडून ह्यांनीही घातलं नाही."

"पण नाव तर दिसतंय," संगणकवाला म्हणाला.

"नावच दिसतंय. 'साखळी' टाकलं तर हे पान येत नाही. 'बालवाडी' टाकलं तर येत नाही. ह्यांचं नाव टाकलं तर येतं. एकाच पानावरचे शब्द. बाकीचे सूचीतून खोडले गेले आणि एक राहिला. का? तुम्हीच सांगितलंत, यंत्र पान वाचतं आणि त्यातले शब्द खोडतं. जो शब्द पानावर नाही, तो ते कशाला खोडेल?"

"पण नाव तर पानावर होतं," भाऊजी म्हणाले.

"चार वाजून पाच मिनिटांपर्यंत."

वहिनी तिसऱ्या टेबलाकडे वळल्या.

"काका," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "होडी होणाऱ्या कागदावरच्या मांजरालाही तुम्ही चौथा पाय काढता. फेकायचं पान तरी चुकीचं कसं सोडाल? पाच मिनिटांत तुम्ही काय दुरुस्त केलंत?"

काकांनी चष्मा काढला. "नाव काढलं. तिथे 'एक शिक्षिका' लिहिलं. म्हटलं, पान जाणारच आहे, पण जाताना तरी ते नाव त्या बातमीत नको." त्यांनी चष्मा परत घातला. "छापायच्या वेळी मी विचारलं होतं, नावाची खात्री केली का. एकदाच विचारलं."

संपादक खिडकीकडे बघायला लागले.

"तुम्ही पान सुधारलंत, सूचीला कुणी कळवलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मग पान काढलंत. यंत्राने सुधारलेलं पान वाचलं, 'एक शिक्षिका' खोडायला गेलं, आणि खऱ्या नावापुढचा नंबर तसाच राहिला. पुढे तीन वेळा तपासणी झाली, पण ह्या ऑफिसात कुणी ह्यांचं नाव टाकून बघितलं नाही. कारण तुमच्या तोंडी ती साखळीची बातमी आणि ह्या साखळीवाली. साधं नाव घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं घोडं कुठे पेंड खातंय."

संगणकवाल्याने हळूच विचारलं, "मग आता? नवी सूची दोन दिवस..."

"त्याच नंबरच्या रिकाम्या जागी पान ठेवता येईल?"

"येईल."

"मग मूळ बातमी जशीच्या तशी ठेवायची. नावासकट, खोटेपणासकट. एक शब्दही सुधारायचा नाही. फेरसूचीला हात लावायचा नाही. आणि मग पान काढायचं. यंत्र या वेळी सगळं वाचेल आणि सगळं खोडेल."

काका टंकायला बसले, पण बोटं कळफलकावर तशीच राहिली. भाऊजी स्टूलावर चढून अकरा वर्षांपूर्वीची फाईल शोधू लागले. धूळ पडली, टिल्ली शिंकली.

"फाईल राहू द्या," शिक्षिका म्हणाली. "मला पाठ आहे."

ती काकांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि बोलू लागली. मथळा, मग पहिली ओळ. कुठे स्वल्पविराम ते ती थांबत होती, त्यावरून कळत होतं. तिचं नाव आलं तेव्हा काकांचा हात थांबला.

"लिहा," ती म्हणाली. "होतं तसं."

त्यांनी लिहिलं. तोवर फाईल सापडली होती. भाऊजींनी ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिलं आणि या वेळी ते मोठ्याने वाचले नाहीत. एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता.

संगणकवाल्याने पान काढलं. मग तिने स्वतः आपलं नाव टाकलं.

० बातम्या सापडल्या.

तिने पुन्हा टाकलं. मग आपल्या फोनवर टाकलं. "घरी जाऊनही बघेन," ती म्हणाली. "राग मानू नका."

"बघा. आणि उद्या मुलाखतीला जायच्या आधीही बघा," वहिनी म्हणाल्या.

संपादक घसा खाकरून उठले. पहिल्यांदाच त्यांनी तिला नावाने हाक मारली, मागे 'बाई' लावून, आणि म्हणाले, "येत्या अंकात दिलगिरी नव्याने छापतो. तुम्हाला चालत असेल तर नावासकट."

तिने पडद्यावरच्या शून्याकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली. "ते पुन्हा सूचीत जाईल."

स्कूटरवर पुढे टिल्ली, मध्ये भाऊजी, मागे वहिनी. सिग्नलला भाऊजी समोर बघतच म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं राहिलं. ते दुपारचं झाकण माझ्या हातून पडलं होतं. दोनच बिस्किटं घेतली."

वहिनींना दुपार आठवली. भाऊजी शर्टावरचे कण झटकत आले होते. समोरून आले होते. दिवसभरात त्यांनी एवढं सगळं पाहिलं आणि ते तेवढं पाहिलं नाही.

"बागेकडून घ्या," त्या म्हणाल्या.

बागेत झोपाळा रिकामा होता, तरी टिल्ली त्यावर बसली नाही. हातातली होडी उलगडून चौथ्या पायाचं मांजर बघत उभी राहिली. वहिनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"दुपारी मी तुला उगाच रागावले. तू डब्याला हात लावला नव्हतास. खोटंही बोलली नव्हतीस. माझं चुकलं, राणी. आता ते विसरून जा, हं?"

टिल्लीने मान डोलावली. कागदाची पुन्हा घडी घातली, ती जमेना म्हणून सोडली, आणि आईकडे पाहिलं.

"विसरते," ती म्हणाली. "पण आई, विसरतात कसं?"