सायीच्या रंगाची फियाट

एसटीने नागोठण्याच्या अलीकडे असा खड्डा घेतला की मांडीवरच्या डब्याचं झाकण उडालं आणि बाबांच्या फियाटचं पुढचं चाक निखळून सीटखालून मागे पळालं.

रुपयाच्या नाण्याएवढं चाक ते. मी वाकून शोधत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "मास्तर, गाडीचं चाक निखळलंय."

कंडक्टर ताडकन उठून दारातून खाली डोकावला.

"आपल्या गाडीचं नाय हो. या मॅडमच्या."

अर्धी एसटी हसली. मी वळून पाहिलं. तिशीचा एक जण तळहातावर चाक घेऊन उभा होता. नखांच्या कडांना सोनेरी रंग, शर्टाच्या बाहीवर गुलाबी. चाक परत द्यायचं सोडून तो डब्यात डोकावला.

"फियाट," तो म्हणाला. "तयार किट आणून जोडली?"

"नाही. प्लास्टिकच्या शीट कापून केली आहे."

"तुम्ही?"

"बाबांनी. चाकं मी बसवली."

"तरीच."

अनोळखी माणसाच्या या आगाऊपणाचा मला राग यायला हवा होता. आला नाही. बाबा गेल्यापासून सगळे माझ्याशी फार जपून बोलत होते, जणू मीच प्लास्टिकची आहे. 'तरीच' म्हणणारा हा पहिलाच.

तो शेजारी बसला. नाव मिथुन. पेणला घरचा गणपतींचा कारखाना. रोह्याला कुणाला तरी मूर्ती पोचवून परत निघालेला. मी उर्वी, रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवते, राहायला शेजारच्या वरसे गावी. एवढं सांगून होईतो मी त्याला पुढचंही सांगून टाकलं. बाबा धाटावच्या कंपनीत होते. शिफ्ट संपली की मागच्या खोलीत बसून छोट्या गाड्या करायचे, आणि मी शाळकरी असल्यापासून त्यांच्या शेजारी पॉलिश पेपर घेऊन बसायचे. ही त्यांची शेवटची. मी लहान असताना विकलेली आमचीच फियाट. छत आणि बॉनेट रंगवून झालं होतं, बाजू कोऱ्या राहिल्या होत्या. वर्षश्राद्धाच्या आत ती पुरी करून फोटोशेजारी ठेवायची, असं मी ठरवलं होतं.

"मग पेणला कुठे?"

"गाड्यांच्या रंगाच्या दुकानात."

"तो रंग तुमचं प्लास्टिक खाऊन टाकेल."

"ठाऊक आहे मला. फक्त छटा जुळवून घ्यायची आहे. असा सायीसारखा रंग कुठे मिळत नाही."

मिथुनने गाडी खिडकीच्या उजेडात धरली. बाहेर पाऊस होता, उजेड मऊ होता. "हा माझ्याकडे बादलीभर आहे," तो म्हणाला. "गणपतीच्या अंगाला मारतो तो. थोडा पिवळा कमी करायचा."

*

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाट, फळ्या, जिन्याच्या पायऱ्या... सगळीकडे गणपती, कुणी पांढरे, कुणी रंगलेले, आणि बहुतेक सगळे अजून डोळ्यांवाचून. त्यांच्यामधून वाट काढत मिथुनने मला आतल्या टेबलापाशी नेलं. त्याची आत्या धोंडुबाई एका मूर्तीच्या शेल्यावर सोनेरी काठ ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"कोण गो तू?"

"फियाटवाली," मिथुनने परस्पर सांगितलं.

"बस गो फियाटवाली. त्या उंदराला धक्का देऊ नको, ओला हाय."

मी मिथुनला गाडीतलं सगळं दाखवलं. बॉनेटवरच्या ब्रशच्या रेघा, डाव्या दाराची फट, दिव्यांच्या रिकाम्या खोबणी. एक गोष्ट दाखवली नाही. ती माझी आणि बाबांची होती, आणि काही गोष्टी सांगितल्या की लहान होतात असं मला वाटत आलं आहे.

"पुढच्या रविवारी या," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी एक बाजू रंगली होती. एअरब्रशने मारलेला तलम थर, कुठे एक कण नाही. मी हात पुढे केला.

"थांबा. अजून ओली आहे."

"एका आठवड्यात सुकली नाही?"

"पावसाळा आहे मॅडम. हवा बघा ना..."

पाण्यातला रंग होता तो. बल्बखाली ठेवला तर चहा पिऊन होईपर्यंत सुकतो, आणि टेबलावर तीन बल्ब जळत होते. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. मी मिथुनकडे पाहिलं. तो अगदी गंभीर चेहऱ्याने हवेकडे पाहत होता.

"मग पुढच्या रविवारी?" मी म्हणाले.

"पुढच्या रविवारी."

असा श्रावण गेला. एका रविवारी बंपर व्हायचा, एका रविवारी फक्त आरसा. मी स्टुलावर बसून गाडीची जाळी कोरायचे, तो समोर मूर्तीच्या मुकुटात रंग भरायचा, आणि आम्ही बोलत राहायचो. त्याने लहानपणी शाडूचा ट्रक केला होता. वडिलांनी तो मोडून त्याच मातीचा उंदीर केला.

"वाईट वाटलं असेल."

"उंदीर चांगला झाला होता. पण त्याला चाकं असती तर..." त्याने ब्रश माझ्याकडे रोखला. "तुम्ही हसलात. डाव्या गालाला खळी पडते. उजव्याला का नाही?"

"ती अजून ओली आहे."

धोंडुबाई खाकरली. "आरं, गणपती खोळंबलेत माझे. चतुर्थी काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

परतीच्या एसटीत मी खिडकीच्या काचेत माझाच चेहरा पाहायचे. त्या चेहऱ्याची मला सवय राहिली नव्हती.

*

मग तो रविवार आला. मिथुन दारातच उभा होता, फियाट हातात घेऊन.

"आज ओली नाही," तो म्हणाला. "हात लावा."

सुंदर झाली होती. सबंध गाडीला एकच सायीचा रंग. फक्त दिव्यांच्या खोबणी रिकाम्या. मी ती उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा तिरपी केली. छत आरशासारखं गुळगुळीत होतं.

"इथे काहीतरी होतं," मी म्हणाले.

"छतावर? हो, अंगठ्याचा ठसा उठला होता. घासून काढला." तो अजून हसत होता. "आमच्यात ठसा दिसला की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. मूर्तीवर बोट राहिलं की आत्या जेवायला देत नाही."

मी स्टुलावर बसले.

"उर्वी?"

त्याने मला नावाने हाक मारायची ती पहिली वेळ.

"बाबांचा होता," मी म्हणाले. "छत रंगवून झालं आणि सुकायच्या आत ते गाडी उचलून मला दाखवायला आले. अंगठा उमटला. म्हणाले, बिघडली गं, उद्या घासून टाकतो. त्या उद्याला ते दवाखान्यात होते." मी गाडी टेबलावर ठेवली. "तुम्हाला कसं कळणार? मी सांगितलंच नव्हतं."

धोंडुबाईचा ब्रश थांबला होता. मिथुनचा चेहरा उतरला. तो माफ करा म्हणेल असं मला वाटलं, आणि मग मला 'असू दे' म्हणावं लागेल... पण तो तसाच उभा राहिला. एकदा आत्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आत गेला आणि फळीखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला.

रबराचा साचा होता. वीतभर लांबीचा, दोन भागांचा.

"हे मी तुम्हाला सांगणार नव्हतो," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात घेतला. चाकं काढून, खिडक्यांत शाडू भरून, रंगाला हात लावायच्या आधी. न विचारता."

"का?"

"गाडी पुरी झाली की तुम्ही घेऊन जाणार. मग रविवारी इकडे..." त्याने साच्यावरून हात फिरवला. "मला एक ठेवायची होती. माझ्यापाशी."

बाहेर पागोळ्या वाजत होत्या. धोंडुबाईने ब्रश उलटा धरून साच्याकडे बोट केलं. "बोलत काय बसलायस? वत ना."

साच्यात बाबांचा अंगठा उलटा होता, मी बोटाने चाचपला तरी नीट लागेना. मिथुनने प्लास्टर कालवलं, बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा हलकेच ठोकत ओतलं. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. मला त्याच्याबद्दल जे वाटत होतं त्याला आता दुसरं नाव देण्यात अर्थ नव्हता.

प्लास्टर गरम झालं, मग निवलं. त्याने रबर सोलून काढलं. पांढरी फियाट बाहेर आली, आणि छताच्या मधोमध, जरासा डावीकडे कललेला, रेघन्‌रेघ स्पष्ट असा बाबांचा अंगठा.

मी रडले. फार नाही. धोंडुबाईने पदर पुढे केला, पण मी माझीच ओढणी वापरली. पदराला सोनेरी रंग होता.

"ही रंगवू नका," मी म्हणाले.

"नाही."

"आणि त्या गाडीचे दिवे का राहिले?"

"डोळ्यांची आखणी शेवटी असते आमच्यात. डोळे झाले की मूर्ती आपली राहत नाही, ज्याच्या घरची त्याची होते." तो जमिनीकडे पाहत होता. "हात होईना."

"मग होऊ नको देऊस," मी म्हणाले. "ती तुझ्याकडेच राहू दे."

'तू' त्याच्या लक्षात आलं. मान हळूच वर आली.

"आणखी एक," मी म्हणाले. "तो रंग अर्ध्या तासात सुकतो."

"...तुला माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून."

"आणि तरी दर रविवारी पेणपर्यंत..."

"पावसाळा आहे," मी म्हणाले. "हवा बघ ना."

*

पांढरी गाडी ओलसर होती, म्हणून मिथुन स्वतः ती हातात धरून वरशापर्यंत आला. त्या खड्ड्याला त्याने दोन्ही हात उंच केले, कंडक्टर तोच होता, त्याने विचारलं, "चाकं हायत ना सगळी?"

"चाकंच नाहीत," मिथुन म्हणाला.

आईने दार उघडलं. मी काही सांगायच्या आत तिने गाडी हातात घेतली आणि छतापाशी थांबली. मग अंगठ्याच्या कडेवरून तिने एक बोट फिरवलं, बाबांच्या शर्टावरची सुरकुती सारखी करायची तसं.

"घासून टाकतो म्हणाले होते," ती म्हणाली. "नाही जमलं ना. बरं झालं."

गाडी फोटोशेजारी ठेवून ती आत वळली. मी मिथुनची ओळख कशी करून द्यावी, या विचारात दारातच उभी होते. पेणच्या कारखान्यातले एक जण? की नुसतं मित्र? मी घरी त्याचा विषय कधी काढला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं.

"आत ये मिथुन," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुला चहात साखर कमी लागते ना?"