घट्ट न होणारी लापशी

बल्लवने लापशी तिसऱ्यांदा शिजवली आणि तिसऱ्यांदा तेच झालं. पातेल्यात नुसतं पाणी खळखळत होतं. बल्लव म्हणजे चांद्रवसाहतीच्या स्वयंपाकघरातला यंत्रमानव. मापात कणभर चुकायचा नाही, आणि त्याचा त्याला भारी तोरा.

"पीठ तीन चमचे, पाणी एक वाटी. रोज घट्ट होते, आज होत नाही. चूक माझी नाही," तो म्हणाला.

चूक कुणाची हे अकरा वर्षांच्या ऋजुताला पक्कं ठाऊक होतं. वसाहतीत प्रत्येक मुलाकडे एक काम असे. हरितगृहातल्या पाण्याच्या तोट्या बंद करायचं काम ऋजुताचं. गेल्या आठवड्यात एक तोटी ती विसरली आणि गव्हाचं अख्खं पोतं भिजलं. तिसऱ्या दिवशी त्याला पांढरे मोड फुटले. कुणाला सांगण्याऐवजी ऋजुताबाईंनी तो गहू कोमट हवेच्या पेटीत वाळवला, दळला आणि पीठ गुपचूप डब्यात भरून ठेवलं.

आता तेच पीठ वेदांगसाठी शिजत होतं. वेदांग तिचा सात महिन्यांचा भाऊ. सहा महिने पूर्ण झाल्यावर त्याचं उष्टावण झालं होतं. मामा पृथ्वीवर, म्हणून त्यांनी तिथून बल्लवचा हात चालवला. पण चंद्रावर संदेश पोचायला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात वेदांगने मान फिरवली आणि पहिला घास थेट कानात गेला. पुढे आईने त्याला गव्हाची लापशी सुरू केली. आधी फक्त दोन चमचे, मग अंगावर पुरळ येतं का, उलटी होते का, हे तीन दिवस पाहिलं. गहू त्याला छान मानवला.

पंचाईत वेगळीच होती. घट्ट लापशी तो जिभेने बाहेर ढकलायचा. पाणी घालून पातळ केली की मिटक्या मारत प्यायचा, पण वजनाचा काटा काही हलायचा नाही. बाळाचं पोट त्याच्या मुठीएवढं, ते पाण्यानेच भरायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डॉक्टर नफिसा स्पष्टच म्हणाल्या होत्या, "दहा दिवसांत दीडशे ग्रॅम वाढला नाही, तर पुढच्या यानाने आई आणि बाळ पृथ्वीवर. निदान वर्षभर."

वर्षभर! ऋजुताला तो विचारही सोसवत नव्हता. आणि त्यात हे बिघडलेलं पीठ त्याच्या पोटात गेलं तर? तिने पातेलं आणि पिठाचा डबा उचलला आणि तडक आजोबांकडे गेली. आजोबा हरितगृहातले धान्याचे शास्त्रज्ञ. तिने सगळं सांगून टाकलं, अगदी गुपचूप दळण्यापर्यंत.

आजोबांनी पीठ हुंगलं, भिंगाखाली पाहिलं. "बुरशी नाही. पीठ चांगलं आहे. लपवलंस ते मात्र चांगलं नाही."

"मग लापशी घट्ट का होत नाही?"

"गव्हाचा दाणा म्हणजे काय? झोपलेलं रोपटं आणि त्याचा खाऊचा डबा. डब्यात असतं पिष्ट (साखरेच्या कणांच्या लांबच लांब माळा). गरम पाण्यात या माळा फुगतात, एकमेकींत गुंततात आणि लापशी घट्ट होते. आता दाण्याला मोड आला की रोपट्याला भूक लागते. त्याला कुठे दात असतात? मग ते विकरं तयार करतं (शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारी प्रथिनं). त्यातलं एक अमायलेज. ते माळांचे तुकडे करतं."

"आणि तुकडे गुंतत नाहीत," ऋजुता सावकाश म्हणाली. "म्हणून पातळ. पण मग पीठ गेलं कुठे?"

"जाईल कुठे? सगळं त्यातच आहे."

ऋजुताने पातेल्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "आजोबा, साध्या पिठाची खूप घट्ट लापशी करायची आणि तीत हे मोडाचं पीठ चमचाभर घालायचं. पाणी न घालताच पातळ होईल ना?"

आजोबांनी लगेच बल्लवला हाक मारली.

लापशी रटरटत असतानाच ऋजुताने चमचाभर पीठ टाकलं. दहा मिनिटं झाली, घट्ट लापशीत चमचा आपला उभाच.

"चूक माझी नाही," बल्लव म्हणाला.

"अगं, विकर हे प्रथिन आहे. अंड्यातही प्रथिनं असतात. अंडं उकळत्या पाण्यात टाकल्यावर काय होतं?" आजोबांनी विचारलं.

"शिजतं! म्हणजे मी विकरं शिजवून टाकली."

दुसऱ्या खेपेला तिने लापशी पासष्ट अंशांपर्यंत निवू दिली आणि मग पीठ कालवलं. एक मिनिट, दोन मिनिटं. उभा चमचा कलला. पाचव्या मिनिटाला तो आडवा झाला आणि लापशी पळीवरून सरळ धारेने ओघळली. थेंबभर पाणी न घालता! जंतू मरावेत म्हणून आजोबांनी ती पुन्हा उकळायला लावली. विकरांचं काम आता उरकलं होतं. बल्लवने मोजून सांगितलं, "एका वाटीत पूर्वीच्या अडीचपट पीठ." त्याच्या आवाजात चक्क आदर होता.

लापशी कोमट झाल्यावर आईने पहिला घास भरवला. वेदांगने तो गिळला आणि पुन्हा आ केला. वाटी रिकामी झाली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

दहाव्या दिवशी काट्याने एकशे ऐंशी ग्रॅम वाढ दाखवली. डॉक्टर नफिसांनी वसाहतीच्या बालआहारात मोडाच्या पिठाची भर घातली, कारण पुढच्या वर्षी इथे आणखी तीन बाळं येणार होती. "कृती ऋजुतानेच लिहावी," त्या म्हणाल्या. तिनेही मन लावून लिहिली, विसरलेल्या तोटीसकट.

दुपारी यान पृथ्वीकडे निघालं. त्यातल्या दोन जागा रिकाम्या होत्या. खिडकीशी सगळे जमले होते, पण यानाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. वेदांग आ वासून बसला होता आणि ऋजुता त्याला भरवत होती.