एकट्याची गाडी

"भावजी म्हणतात, 'माझ्याच चुकीने दादा गेला.' उद्या पोलिसांत तसं लिहून देणार आहेत," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "खरं असेल तर मला त्यांचं तोंड बघायचं नाही. पण खोटं असेल तर? घरात मग उरलंय कोण?"

ताईंनी तिला आधी पाणी दिलं. गाड्यांच्या अपघातांची शहानिशा करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. सोबत फोटोग्राफर असायचा. माणूस भला, पण ताईंच्या डोक्यात उजेड पडला की त्याच्याकडे तो तासाभराने पोचायचा.

तिचा गेलेला नवरा एटीव्ही चालवायला शिकवत असे. फुगीर टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, खडबडीत चढणीवर चालणारी गाडी. घरात त्या गाडीला सगळे म्हैस म्हणत. नऊ दिवसांपूर्वी सकाळी घरामागच्या टेकडीवर चढताना ती मागे उलटून त्याच्या अंगावर पडली. डोक्याला मार बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

"हेच पटत नाही," ती म्हणाली. "हेल्मेटशिवाय किल्ली लावायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. मागे कोणाला बसवायचं नाही, हा दुसरा. मी कितीदा हट्ट केला, पण एकट्याची गाडी आहे म्हणायचे. नाहीच बसवलं मला."

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"माहेरी. घरी सासूबाई आणि भावजी."

तिच्या घरच्या शेडमध्ये एटीव्ही उभी होती, हँडल वाकलेलं. ताईंनी ब्रेक दाबून धरला आणि फोटोग्राफरला ढकलायला सांगितलं. तो घामाघूम झाला, गाडी तसूभर हलली नाही. मागच्या कॅरिअरवर कायम बांधलेली असणारी हत्यारांची पेटी भिंतीपाशी ठेवलेली होती. खुंटीला हेल्मेट होतं. एका बाजूला ताजे ओरखडे, फटीत गवत.

"ह्यांचंच. बाकीची शिकवायच्या जागी, कपाटात असतात," ती म्हणाली.

फोटोग्राफरने ते घालून पाहिलं. हनुवटीखाली पट्टा लागेचना. "माझं डोकं मोठं आहे," तो ओशाळून म्हणाला.

"डोकं बरोबर आहे. पट्टा आवळलाय," ताई म्हणाल्या.

दीर गॅरेज चालवायचा. त्याने मान वर केली नाही. "ब्रेक सैल होते. आज करतो, उद्या करतो म्हणत राहून गेलं."

"नंतर घट्ट केलेत?"

"नाही. त्या दिवशी शेडमध्ये आणून ठेवली, मग गाडीला हात लावला नाही."

सासू आतल्या खोलीत पलंगावर होती. मनगटाला बँडेज, तळहातांवर खरचटल्याच्या खपल्या. "बाथरूममध्ये पाय घसरला," ती म्हणाली. दुष्काळात तेरावा महिना, फोटोग्राफरला वाटलं. म्हातारीची त्याला फार दया आली.

टेकडीवर त्याने चाकांच्या खुणांचे फोटो काढले. एका जागी मागची चाकं खोल रुतली होती आणि पुढच्यांची खूणच नव्हती.

"दीर काहीतरी लपवतोय," उतरताना तो म्हणाला.

"लपवतोय खरा. पण स्वतःसाठी नाही."

संध्याकाळी ताईंनी दीर आणि सुनेला सासूच्या खोलीत बसवलं.

"ब्रेक शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "ते सैल असते तर अजूनही सैलच सापडले असते. आणि गाडी उलटली ती ब्रेकमुळे नाही. पुढची चाकं उचलली गेली, कारण मागे वजन होतं. ते पेटीचं नव्हतं, पेटी शेडमध्येच राहिली. कोणाला तरी बसायला जागा हवी म्हणून ती काढली. हेल्मेट जमिनीवर आपटलंय, पण ज्याच्या डोक्याला लागलं त्याच्या डोक्यावर ते नव्हतं. घरात हेल्मेट एकच होतं. पट्टा आवळून त्यांनी ते मागच्या माणसाला घातलं."

त्या सासूकडे वळल्या. "बाथरूमच्या फरशीवर तळहात असे सोलवटत नाहीत, आजी."

फोटोग्राफरच्या डोक्यात उजेड पडला. हे कोडं सुटलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"आईला काही विचारू नका. ब्रेक मीच..." दीर उठला.

"पुरे रे," म्हातारी म्हणाली. "माझ्यापायी एक गेला. आता तूही जाणार?"

मग ती सुनेकडे बघून सांगत गेली. "गुडघ्यांमुळे चार वर्षं टेकडी चढले नव्हते. मीच म्हटलं, एकदा वर ने. नको म्हणत होता. मी रुसून बसले, तेव्हा उठला. अर्ध्या चढावर गाडी पुढून उचलली. 'आई, हात सोड' म्हणाला. मी घाबरून आणखी घट्ट धरलं. त्याने हिसडा देऊन मला बाजूला ढकललं. मी ओरडले, ढकलतोस काय, डोळे फुटले का तुझे? तेच आमचं शेवटचं बोलणं."

इतकी वर्षं सुनेला नाही म्हटलेली गोष्ट नवऱ्याने आईसाठी केली होती, आणि रागवायलाही तो उरला नव्हता. मग ती दिराला म्हणाली, "भावजी, उद्या कुठे जायचं नाही." आणि सासूला म्हणाली, "आई, इंजिनचा आवाज केवढा असतो. त्यांना ते ऐकूच गेलं नसेल."

"त्याचं 'हात सोड' मला ऐकू आलं की गं," म्हातारी म्हणाली.

सून उठून सासूच्या शेजारी बसली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या दोघी एकत्र रडल्या.