लाल वाटी, निळी वाटी

तो तिला पहिल्यांदा दिसला तेव्हा टेबलाखाली होता. चक्क रांगत!

"तुम्ही कोणाचे बाबा?" पाळणाघराच्या ताईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"कोणाचाच नाही... अजून." डोकं टेबलाला आपटत तो बाहेर आला. हातात पिवळा चेंडू, चष्मा तिरका. "तत्त्वज्ञान शिकतोय. माणसाला कळायला लागतं म्हणजे नेमकं काय होतं, ते शोधतोय."

"टेबलाखाली?"

"चेंडू तिकडे गेला ना!"

झालं! रोज सकाळी अकराला स्वारी हजर. सतरंजीवर दोन वाट्या उपड्या घालायच्या, एक लाल, एक निळी. दहा महिन्यांच्या ठमीसमोर चेंडू लाल वाटीखाली लपवायचा. ठमी वाटी उचलायची, खिदळायची. असं चार-पाचदा झालं, की तिच्या डोळ्यांदेखत चेंडू निळीखाली ठेवायचा आणि... ठमीचा हात पुन्हा लाल वाटीवरच! लगेच त्याच्या वहीत नोंद.

"कोणी म्हणतं, मन म्हणजे कोरी पाटी," तो सांगायचा. "कोणी म्हणतं, बीमध्ये झाड असतं तसं सगळं आधीपासूनच आत असतं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही नुसता तिचा हात बघता. डोळे बघा की!"

त्याने पाहिलं. हात लाल वाटीवर, पण नजर निळीवर!

"डोळ्यांना कळलंय," ताई हळूच म्हणाली. "हाताला जरा उशीर लागतो, एवढंच."

तो बघतच राहिला – ठमीकडे नाही.

"वही तिकडे आहे," ताई म्हणाली. तिचे कान मात्र गरम झाले होते.

मग जाताना तो लाल वाटीखाली चिठ्ठी ठेवू लागला. 'शब्द येण्याआधी माणूस विचार कशात करतो?' ताई मागे लिहायची, 'भुकेत.' दुसऱ्या दिवशी तो ते वाचून एकटाच हसायचा आणि ती न बघितल्यासारखं करून सगळं बघायची.

आणि एका सकाळी तो म्हणाला, "आज शेवटचा दिवस. आता वर्षभर दुसऱ्या गावी... प्रबंध लिहायचाय."

ताईने मनात महिने मोजले. वर्षभर! विसरला तर? वरून मात्र ऐट तशीच. "जा की! दृष्टीआड सृष्टी."

त्याने चेंडू निळ्या वाटीखाली ठेवला आणि आज ठमीने सरळ निळीच उचलली! दोघांनी टाळ्या पिटल्या. मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली, ताईकडे बघत बघत निळ्या वाटीखाली सरकवली आणि बाहेर पडला. दार लागलं.

ताईने झडप घालून वाटी उचलली.

लाल. रिकामी!

"अगं, ठमी शिकली, तू राहिलीस की!" दूध घेऊन आलेल्या मावशी खो-खो हसल्या.

निळीखाली लिहिलं होतं, 'दिसलो नाही, तरी मी असेन ना?'

तेवढ्यात ठमी तुरुतुरु रांगत बंद दारापाशी गेली आणि त्यावर थापा मारू लागली. पलीकडे कोण आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं.

ताईने दार उघडलं. तो पायरीवर बसून आधीच बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधत होता.

"असशील," ती म्हणाली. "पण चिठ्ठ्या पाठवत जा हं... हाताला सवय झालीये."