फोन वाजतच राहिला

“बायडे, तिला म्हणावं फोनपासून लांब बस! एकदा फोन करून पोराच्या आयुष्याची माती केलीस, तेवढं पुरे झालं!”

दशरथराव बोलले बहिणीशी, पण ऐकवायचं होतं कोपऱ्यात बसलेल्या लेकीला, हिराला. पत्नी गेल्यापासून दोन महिने ते हिराशी असेच बोलत होते, बायडाआत्यामार्फत! कात्रजच्या त्या दोन खोल्यांत सकाळचे सात वाजत आले होते आणि तिघांचेही डोळे फोनवर खिळले होते.

धाकटा धम्मदीप आज अमेरिकेत उतरणार होता. ठरलं होतं असं, की विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं आत सोडलं तर एकच रिंग देऊन फोन ठेवायचा. अडवलं तर मात्र वाजू द्यायचा, इकडून उचलायचा.

आणि अडवतील ही भीती होतीच! आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याचा तिकडे नोकरी करायचा कागद चालू होता, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. एकदा अमेरिकेबाहेर पाऊल पडलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत शिरता येत नाही. “त्याला कळवायचं नाही,” दशरथरावांनी बजावलं होतं. हिरानं चोरून फोन केला... पोरगा धावत आला, मायलेकरांना चार दिवस मिळाले, आणि दहा दिवसांची रजा शिक्क्याची वाट बघता बघता नऊ आठवड्यांची झाली. तिकडे कंपनीत माणसं कमी करणं चालू! याची नोकरी राहिली नाही अशी अधिकाऱ्याला शंका आली तर शिक्का असूनही तो आल्या पावली परत पाठवणार.

“काय बाई मोठी शहाणी!” आत्या पुटपुटली. “आईची माया हिलाच तेवढी!”

एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलली असती तर हिरा सुटली असती; पण त्या वाक्यानं बाबा उन्मळून पडले असते! तिनं ते पुन्हा गिळलं.

फोन वाजला. एक... आता थांबेल... दोन! तीन!

“संपलं!” दशरथरावांनी कपाळावर हात मारला. हिरानं धावत जाऊन रिसीव्हर उचलला.

“ताई, आत सोडलं गं!”

“मग ठेवला का नाहीस, मेल्या? जीव गेला असता आमचा!”

“तुझ्याशी बोलायचं होतं.” धम्मदीपचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “इथल्या साहेबानं विचारलं, इतके दिवस कुठं होतास? म्हटलं, आई आजारी होती. म्हणाला, भेट झाली का? ...हो म्हणालो, ताई. तू बोलावलं नसतंस तर जन्मभर काय उत्तर दिलं असतं मी?”

हिरानं फोन ठेवला. आत्यानं पदर डोळ्यांना लावला.

“हिरा...” दोन महिन्यांनी दशरथरावांनी लेकीला हाक मारली! “तुझी आई मला म्हणाली होती गं, पोराला एकदा बघू द्या. मी नको म्हणालो... तिच्या तोंडावर नको म्हणालो!”

“ठाऊक आहे, बाबा. त्याच संध्याकाळी आईनं मला सांगितलं. तिच्याच सांगण्यावरून फोन केला मी.”

दशरथरावांनी तिचा हात धरला.

“मग इतके दिवस माझं ऐकून का घेतलंस, बाळा?”

“राग काढायला कुणीतरी हवं होतं ना तुम्हाला! मी नसते, तर तो तुम्ही स्वतःवरच काढला असता.”

त्यांनी लेकीला छातीशी ओढलं आणि पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदाच ते मोठ्यानं रडले.